बेवड

परभणी,
18 जानेवारी

प्रिय बाळ्या,

तुझ्या मातीची पहिली खेप वाया गेली. चूक माझीच. माती परीक्षणाला देतात तशी तू ती वाळवून पाठवलीस आणि मला जिवंत माती हवी होती, हे सांगायचंच राहिलं. वाळलेल्या मातीत स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) तपासता येतं. जिवाणूंची हालचाल नाही.

दुसरी खेप बर्फाच्या डब्यातून आली तशीच नळीत घेतली. वरून टीटीसी नावाचं बिनरंगी रसायन, मग 37 अंशांवर 24 तास. जिवाणूंच्या श्वसनात डिहायड्रोजिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, चालतं आणि त्यानं हे रसायन लाल होतं; हालचाल जास्त, तर लाली जास्त. हे विकर जिवंत पेशीतच चालतं म्हणून माझा त्याच्यावर भरवसा. युरिएज, फॉस्फेटेजचं तसं नाही. जिवाणू मेला तरी ती चिकणमातीला धरून काम करत राहतात.

तर खालच्या वावराची नळी, म्हणजे दर खरिपाला सोयाबीन आणि दिवाळीपासून मृगापर्यंत उघडं रान, ती फिकट गुलाबी. आबांच्या तुरीच्या पट्ट्याची डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. मी दोनदा करून पाहिलं.

लगेच नाचू नकोस. एका वावराच्या एका नमुन्यावर कुणी पैज लावू नये, आणि आबा शेणखत त्याच पट्ट्यात टाकतात, हेही मला माहीत आहे. पण कारण समजण्यासारखं आहे. जिवाणूंचं पोट मुळांतून पाझरणाऱ्या साखरेवर आणि पडलेल्या पाल्यावर चालतं. तूर जानेवारीपर्यंत उभी, पाला सतत गळतोय, मूळ खोल. तुझ्या वावरात सोयाबीन निघालं की आठ महिने उपास, त्यात तू गुळी, म्हणजे मळणीनंतरचं भुसकट, पेटवतोस!

आबा ‘हरभऱ्याचा बेवड’ म्हणायचे, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीत मागे राहिलेला गुण, तेव्हा आपण हसायचो. बेवड नेहमी गोडच असतो असं मात्र नाही. ज्वारीच्या धसकटात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र (नायट्रोजन) कमी. ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःच उचलतात आणि त्यानंतरचं पीक पिवळं पडतं. आबा ज्वारीनंतरच्या पिकाला खत जास्त का टाकायचे, ते मला इथे येऊन कळलं.

यंदा चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर कर. सगळ्या वावरात नको, एका एकरात. गुळी जाळू नकोस, कुजव. आणि आत्ता शेजारच्या हरभऱ्याचं एक झाड मातीसकट अलगद उपट. मुळावरची गाठ नखाने फोड. आत गुलाबी दिसली तर गाठीतल्या जिवाणूंचं हवेतलं नत्र धरायचं काम चालू आहे; हिरवट किंवा राखाडी असेल तर बंद पडलंय. हे हरभऱ्याचे जिवाणू सोयाबीनच्या मुळांवर गाठी मात्र करत नाहीत, सोयाबीनचे वेगळे. तेव्हा बियाण्याला लावायचं जिवाणूंचं पाकीट घेताना पिकाचं नाव बघ, मागच्या वर्षीसारखं दुकानदार देईल ते उचलू नकोस.

गाठींचा रंग फोनवर सांग. आणि बर्फाचा डबा एसटीने परत पाठवलाय, स्टँडवरून आजच घेऊन ये. तो वहिनींचा आहे आणि तू त्यांना विचारून आणला नव्हतास, असं कळलं.

तुझा,
दत्ता