पांढऱ्या शर्टातल्या ‘चोरों’ना ‘बघू’ सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तोक्योतल्या मराठी कुटुंबांच्या दारावर धर्मप्रचारासाठी येणाऱ्या मॉर्मन (मूळच्या अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाच्या) तरुणांविषयी आपल्या रविवार पुरवणीत लेख आला. त्यात त्यांना ‘पगारी प्रचारक’ म्हटले आहे. प्रत्यक्षात पगार तर नाहीच, उलट पैसे तेच भरतात. अमेरिकेतून येणाऱ्या तरुणाच्या नावाने 1 जुलै 2020 पासून दरमहा 500 डॉलर जमा करावे लागतात (त्याआधी 400 होते). मुलांची सेवा 24 महिन्यांची, म्हणजे 12 हजार डॉलर झाले. मुलींची 18 महिन्यांची. तोक्योसारख्या महागड्या शहरात पाठवले काय किंवा मनिलाला, रक्कम तीच राहते. ती एका सामायिक खात्यात जाते आणि तिथून प्रत्येकाला खाण्यापिण्यापुरते पैसे कार्डावर मिळतात. काही मुले शाळेपासून साठवतात, काहींना आईबाप देतात, कुणाला ते जमले नाही तर गावातली मंडळी हातभार लावतात. देश मात्र निवडता येत नाही. अर्ज करायचा आणि सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून येणारे पत्र म्हणेल तिकडे जायचे. जपान आले की अमेरिकेच्या युटा राज्यातल्या प्रोव्हो इथल्या केंद्रात सुमारे नऊ आठवडे जपानी घोटून घेतात. तेवढ्यात कामापुरते बोलता येते, समोरच्याचे समजत नाही.

छातीवरच्या काळ्या बिल्ल्यावर आडनावासोबत जपानीत ‘चोरो’ असते. अर्थ ‘वडीलधारा’, इंग्रजीतला एल्डर. चोराशी संबंध नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला वडीलधारा म्हणवून घ्यावे लागते, याची गंमत त्यांनाही वाटते.

दिवस साडेसहाला सुरू होतो. अर्धा तास व्यायाम, मग धर्मग्रंथ आणि भाषेचा अभ्यास, दहाच्या सुमारास बाहेर, रात्री नऊ-साडेनऊला परत, साडेदहाला दिवे बंद. 2017 पासून वेळापत्रक थोडे सैल झाले आहे, पण साचा तोच. सोमवार बहुधा मोकळा असतो. तोही कपडे धुणे, बाजार आणि केस कापणे यातच जातो. घरी व्हिडिओ कॉलही त्याच दिवशी. सोमवारी सकाळी नऊ वाजता युटात रविवारची संध्याकाळ असते, म्हणून सोयीचे पडते. फेब्रुवारी 2019 पर्यंत घरी फोन वर्षातून दोनदाच करता येई, नाताळला आणि मातृदिनाला.

खरे हाल होतात ते सायकलीवर. जोडीतल्या दोघांनी एकामागे एक चालवायची, कारण समांतर चालवायला जपानी कायद्यात बंदी आहे. छत्री धरून चालवणेही गुन्हा, म्हणून पावसात पूर्ण रेनसूट. पँटच्या उजव्या पायाला चेनचे काळे लागते, ते पांढऱ्या शर्टालाही पुसले जाते. पायाला पट्टी बांधायला शिकेपर्यंत एक-दोन पँटी वाया जातात. मुलींना डिसेंबर 2018 पासून पँट चालते, तोवर स्कर्ट सांभाळत पेडल मारावे लागे. आणखी एक घोळ आहे. इथे प्रत्येक सायकलची पोलिसांत नोंद असते, तिला ‘बोहान तोरोकु’ म्हणतात. जुना मिशनरी घरी जाताना सायकल नव्याला देऊन जातो, पण नोंद जुन्याच्याच नावावर राहते. रात्री पोलिसाने थांबवून स्टिकरचा नंबर वायरलेसवर विचारला की नाव जुळत नाही आणि पाऊण तास चौकात उभे राहावे लागते. सायकल दिल्याचा कागद आधीच्या मालकाकडून लिहून घ्यायचा आणि नव्या नावाने नोंद करायची, एवढाच त्यावर उपाय.

दर सहा आठवड्यांनी बदल्या ठरतात. गाव बदलले की जुन्या पालिकेत ‘निघालो’ आणि नव्या पालिकेत ‘आलो’ असे कळवावे लागते. पोहोचल्यावर 14 दिवसांच्या आत निवासी कार्डाच्या मागे नवा पत्ता लिहून घ्यायचा. नव्या मुलांकडून नेमके हेच राहते.

दोघांनी कायम एकमेकांच्या नजरेत राहायचे, न्हाणीघर तेवढे वगळून. त्यामुळे एकाला ताप आला की दोघांचाही दिवस बुडतो. घरात बाई एकटी असेल तर ही मुले आत येत नाहीत. दुपारी ‘आत या’ म्हटल्यावर दारातच घुटमळली, तर अपमान वाटून घेऊ नये. चहाही विचारू नये. चहा-कॉफी वर्ज्य आहे आणि त्यात जपानी हिरवा चहाही येतो. 2019 मध्ये चर्चने तसे स्पष्टच केले. मुगिचा (भाजलेल्या सातूचे पेय, त्यात चहापत्ती नसते), लिंबू सरबत, कोकम सरबत चालते. चहापत्ती न घालता उकळलेले आलेही चालते, फक्त पत्ती नाही हे आधी सांगा.

आता मुख्य मुद्दा. आपण मराठी माणसे तोंडावर ‘नाही’ म्हणत नाही. ‘बघू’, ‘पुढच्या आठवड्यात या’, ‘वाचून सांगतो’ म्हणून मोकळे होतो. जपानी माणसाचेही तेच. ‘कांगाएते ओकिमासु’ म्हणजे शब्दशः विचार करून ठेवतो, पण अर्थ नकोच. नवीन मुलगा तो होकार समजतो. ‘केक्को देसु’ तर त्याहून फसवे, कारण ‘छान आहे’ आणि ‘नको’ दोन्ही त्यातच. तुमचे ‘बघू’ त्यांच्या फोनमधल्या ॲपमध्ये पुन्हा भेटायचे म्हणून नोंदले जाते आणि नोंद माणसाबरोबर जात नाही, इलाख्याबरोबर राहते. म्हणून मुले बदलली तरी नवी जोडी त्याच दारावर येते. ‘पिच्छाच सोडत नाहीत’ ही आपल्या लेखातली तक्रार बहुतेक वेळा इथून उगम पावते. ‘आम्हाला रस नाही, पुन्हा येऊ नका आणि तुमच्या नोंदीतही तसे लिहा’, असे एका दमात सांगावे. राग येत नाही, दिवसभर हेच ऐकत असतात.

धर्मात रस नसला तरी एक काम जरूर सांगा. घर बदलताना फ्रीज किंवा वॉशिंग मशीन जिन्यावरून उतरवायचे असेल, तर विनामोबदला सेवा हा त्यांच्या आठवड्याचा भागच आहे. चार-पाच दिवस आधी सांगावे. पैसे घेत नाहीत. पोहे चालतात, पण मिरची बेताची.

आपला,
एक वाचक, निशिकसाई, तोक्यो