खुले ऐच्छिक विषय : आधी शनिवारचा तास ठरवा

महोदय,

संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्यातल्या ओपन इलेक्टिव्हचा, म्हणजे खुल्या ऐच्छिक विषयाचा, नियम सरळ आहे : मुख्य विषय ज्या विद्याशाखेचा, तिच्याबाहेरचाच विषय घ्यायचा. मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्याला वाणिज्य वा विज्ञानाचे काहीतरी शिकता यावे, हा हेतू चांगलाच आहे. पण ज्या छोट्या कॉलेजात कला ही एकच शाखा आहे, तिथे दुसऱ्या शाखेचा शिक्षक आणायचा कुठून? मग अख्ख्या वर्गाच्या अर्जावर एकच विषय छापून येतो, तो शिकवायला तासिका तत्त्वावरची नेमणूक होते आणि तीही सत्राचा महिना उलटल्यावर. याला निवड म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

हिशेब पाहा. थिअरीचे एक क्रेडिट (पदवीसाठी जमवायचा श्रेयांक) म्हणजे १५ तास, म्हणून दोन क्रेडिटच्या विषयाला ३० तास. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला दोन. जिथे अजून ४८ मिनिटांचीच तासिका चालते, तिथे अशा ३० तासिकांचे भरतात २४ तास. सहा तास वेळापत्रकातच गळाले. त्यात महिनाभर शिक्षक नाही. उरलेल्या वेळात नोट्स सांगून होतात, विषय शिकवून होत नाही.

कला-विज्ञान एकत्र शिकवणाऱ्या ज्या लिबरल आर्ट्स कॉलेजांचा दाखला आपण या धोरणाच्या निमित्ताने देतो, तीसुद्धा सगळे विषय एकट्याने शिकवत नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ॲम्हर्स्ट, स्मिथ, माउंट होलिओक या छोट्या कॉलेजांनी शेजारच्या सरकारी विद्यापीठासह १९६५ मध्ये संघ केला. एका कॉलेजचा विद्यार्थी दुसऱ्यात जाऊन विषय घेतो, वेगळी फी भरत नाही, आणि कॉलेजांना जोडणारी बस त्याला फुकट असते.

नागपुरात ही सोय उलट सोपी आहे. मॉरिस कॉलेज, हिस्लॉप, विज्ञान संस्था ही सीताबर्डी-सिव्हिल लाइन्सच्याच टापूत. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात, त्यामुळे हिंगणा रोडचा किंवा खापरीकडचा मुलगाही तिथे पोहोचतो. अडते ते वेळापत्रकावर. एका कॉलेजात ओपन इलेक्टिव्ह सोमवारी सकाळी आणि दुसऱ्यात गुरुवारी दुपारी असेल, तर जायचे कसे? म्हणून सहभागी कॉलेजांनी शनिवारी ११ ते १ हे दोन तास सलग मोकळे ठेवावेत आणि त्या वेळात दुसरे काहीही लावू नये. काटोलहून एसटीने येणाऱ्यांसाठी सकाळी साडेसातची वेळ तर मुळीच नको. प्रत्येक कॉलेजने आपला एकेक विषय द्यावा आणि बाहेरच्यांसाठी सारख्याच जागा राखाव्यात. जागांची अदलाबदल सारखीच असल्याने कॉलेजांमध्ये पैशाचा व्यवहारच उरत नाही. आज एखाद्या विषयाला आठच मुले म्हणून वर्ग सुरू होत नाही. चार कॉलेजांतली आठ-आठ मिळून ३२ झाली की होतो.

खरी गोची पुढे, गुणांची. अंतर्गत गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायचे कोणी? हे लेखी ठरले नाही तर विद्यार्थी निकालात सरळ अनुपस्थित दिसतो. शिकवणाऱ्या कॉलेजने हजेरी आणि गुण, विषयाचा कोड व नोंदणी क्रमांकासह, सत्र संपल्यापासून सात दिवसांत मूळ कॉलेजकडे पाठवावेत; भरण्याची जबाबदारी मूळ कॉलेजची. स्वायत्त महाविद्यालयांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा वेगळ्या, तेव्हा क्रेडिट चालणार का, याचे पत्र विद्यापीठाकडून आधीच घ्यावे. क्रेडिट ज्यात जमा होतात त्या अपार आयडीवरचे (विद्यार्थ्याच्या शैक्षणिक ओळख क्रमांकावरचे) नाव आधारप्रमाणे असते आणि गुणपत्रिकेवर आपल्याकडे आडनाव आधी. नाव जुळले नाही की क्रेडिट खात्यात जमा होत नाही. ही तपासणी प्रवेशाच्या दिवशीच पाच मिनिटांत होते, तिसऱ्या वर्षी त्यासाठी खेटे घालावे लागतात.

विषयनिवड सध्या प्रवेशाच्या खिडकीवर उरकते, बहुतेकदा मागे रांगेत उभा असलेला मित्र जे भरतो तेच. दर वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक नेमून सत्रात दोनदा, वीस-वीस मिनिटे बोलावे : एकदा अर्ज भरण्याआधी आणि एकदा दोन आठवड्यांनी, म्हणजे चुकलेला विषय बदलता येतो. किती क्रेडिट झाली, मायनरची (दुय्यम विषयाची) किती राहिली, याचा एक कागद दोघांकडेही असावा. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. हे पाचव्या सत्रात कळून उपयोग काय?

‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मार्ग आहेच, सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट तिथून घेता येतात. पण बरेचसे अभ्यासक्रम इंग्रजीत, आणि शंका विचारायला समोर कोणी नाही. तो पुरवणी म्हणून ठीक.

दुसऱ्या सत्राची वेळापत्रके दिवाळीच्या आगेमागे बसतात. त्याआधी चार-पाच प्राचार्यांची एक बैठक पुरे. विषय दोनच, शनिवारचे ते दोन तास आणि गुण कळवण्याचा नमुना.

— वेळापत्रक समितीवर काम करणारे काही प्राध्यापक, नागपूर