खिडकीतल्या दगडासाठी एक चिठ्ठी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलेत, की जे पाच कोटी वर्षे टिकले त्या जीवाश्मांची काळजी घ्यायला माणूस कशाला हवा. तेव्हा मला नीट सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

सध्या इथे इंग्लंडमध्ये माझ्या ताब्यात टेम्स नदीच्या मुखाजवळच्या शेपी बेटावरची जीवाश्म फळे आहेत. त्यांत निपा या पामची फळे आहेत. आज ही झाडे सुंदरबनाच्या दलदलीत वाढतात, पण तेव्हा इंग्लंडच इतके उष्ण होते की ती इथल्या किनाऱ्यावर होती. या फळांत पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, भरलेले असते. चिखलाखाली हवा पोचत नव्हती तोवर ते शाबूत राहिले. कपाटात मात्र सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर गेली की त्याचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते, सल्फ्युरिक आम्ल तयार होते, वर पिवळट-पांढरी भुकटी फुलते आणि फळ आतून फुटते. ही हानी भरून येत नाही. म्हणून काही नमुने सिलिकॉन तेलात बुडवलेले असतात, काही ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यांत, आणि आर्द्रतेचे आकडे मी रोज पाहते. आई, लोणच्याच्या बरणीला तू ओला हात लागू देत नाहीस ना, तसेच.

तेच आम्ल नमुन्याखालची चिठ्ठीही खाते, आणि मला जास्त भीती तिची वाटते. तुटलेले हाड जोडता येते. ते कोणत्या थरातून, कोणी, कधी काढले हे पुसले गेले तर अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग उरत नाही. जबलपूरला 1828 मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमन यांना सापडलेल्या ज्या मणक्यांच्या आधारे जीवाश्मतज्ज्ञ लायडेकर यांनी 1877 मध्ये एका डायनासोरला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले, ते पुढे हरवले असेच मानले जात होते. त्यांतला एक 2012 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातल्या संग्रहातच सापडला. मला ही हकिकत आठवली की मी माझ्या नोंदवह्या पुन्हा तपासते.

बाबा, नागपूरला बदली असताना तुम्ही आणलेला शंखांचा दगड अजून खिडकीत आहे. दोन लाव्हाथरांमधल्या काळात तिथे गोड्या पाण्याची तळी होती, त्यांतले ते शंख. तो कोणत्या टेकडीवरून, कोणत्या वर्षी उचललात, हे तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. कृपया पेन्सिलने जाड कागदावर लिहून ठेवा. जिथे खात्री नसेल तिथे ‘अंदाजे’ असे लिहा. आई, तुला आठवते ते तू वेगळ्या कागदावर लिही. दिवाळीत आले की दगडाला क्रमांक घालीन.

तुमची,
मंजिरी