यादीतला वूड कटर सुरू होतो का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे उजाडला की मान्सूनपूर्व तयारीच्या याद्या निघतात. दोरखंड, टॉर्च, लाइफ जॅकेट आणि त्याखाली 'वूड कटर – इतके नग'. वूड कटर म्हणजे चेन सॉ, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्तेने किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी, आंबे-फणस आडवे केले. रस्ता मोकळा करायला कोयता-कुऱ्हाड पुरत नाही, हे तेव्हा सगळ्यांनीच पाहिले. पण यादीत नग मोजले जातात, त्या मशीनची दोरी शेवटची कधी ओढली हे कोणी विचारत नाही. ऐन वादळात मशीन उठत नाही, याचे कारण बहुतेक वेळा टाकीतच असते.

चेन सॉचे इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच त्याचे वंगण, दुसरे नाही. चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलला प्रमाण बहुधा १:५०, म्हणजे लिटरला २० मिली. काही मशीनना आणि साध्या ऑइलला १:२५, म्हणजे ४० मिली. आपल्या मशीनचे प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते. 'एक झाकण' अशा अंदाजाने ओतू नये. औषधाच्या दुकानात २० मिलीची सिरिंज मिळते, ती या कामाला उत्तम. मिश्रण डब्यात करून, हलवून मगच टाकीत घालावे. ऑइल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरला घासून चिकटतो. जास्त झाले तर प्लग काळा पडतो आणि सायलेन्सरच्या जाळीत काजळी धरते.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणातल्या पावसाळी हवेत ओलाव्याला काय तोटा! पाणी मर्यादेबाहेर गेले की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसते, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतला फिल्टर पडलेला असतो तळाशी, आणि तो नेमका हा बिनऑइलचा थर ओढतो. शंका आली तर टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून थोडा वेळ सावलीत स्थिर ठेवावे. तळाशी वेगळ्या थराची रेघ दिसली तर ते इंजिनात अजिबात जाऊ देऊ नये. महिन्याभरात संपेल एवढेच मिश्रण करावे. मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. नाहीतर आत सुकलेला चिकट थर बारीक छिद्रे बुजवतो आणि डायफ्राम, म्हणजे कार्बोरेटरमधला पातळ पडदा, कडक होतो.

सुरू करण्याचीही पद्धत आहे. मशीन सपाट जमिनीवर, चेन कशालाही न टेकलेली, चेन ब्रेक लावलेला, उजव्या बुटाचा चवडा मागच्या मुठीत आणि डावा हात पुढच्या मुठीवर. एका हातात लोंबकळत धरून दुसऱ्याने दोरी हिसकायची सवय फार दिसते, आणि ती मांडीवर बेतते. इंजिन थंड असेल तर चोक पूर्ण लावून दोरी ओढावी. दोन-चार ओढण्यांत 'फट्' असा एक आवाज येऊन इंजिन विझते. त्याच क्षणी चोक अर्ध्यावर आणायचा. तो आवाज न ओळखता पूर्ण चोकवरच ओढत राहिले की आत पेट्रोल भरते आणि प्लग भिजतो. असे झाले तर स्विच बंद करून प्लग काढावा, चोक उघडा ठेवून आठ-दहा वेळा दोरी ओढावी, प्लग पुसून परत बसवावा. प्लगची फट ०.५ मिमी.

सुरू होऊन रेस दिल्यावर मरत असेल तर टाकीचे झाकण किंचित सैल करून पाहावे. तेवढ्याने चालले तर टाकीची हवा येण्याची वाट बुजलेली आहे. नाही चालले तर टाकीतला फिल्टर, एअर फिल्टर, सायलेन्सरची जाळी या क्रमाने जावे. कार्बोरेटरचे स्क्रू सगळ्यांत शेवटी. 'एच'चा, म्हणजे जास्त रेसला किती पेट्रोल जावे हे ठरवणारा, स्क्रू आवळून रेस वाढवू नये. त्याने हवेच्या मानाने पेट्रोल आणि त्यासोबतचे ऑइल कमी पडते, मशीन काही दिवस तेजीत चालते आणि मग पिस्टन धरतो.

दुसरे दुखणे चेनचे. चेन धारेवर आहे की नाही, हे भुसा सांगतो. धार असेल तर चपट्या सालपटांसारखे तुकडे पडतात, गेली असेल तर पिठासारखी भुकटी. दात उजेडात धरला की बोथट धारेवर पांढरी चकचकीत रेघ दिसते. जांभ्याच्या मातीला चेन एकदा जरी लागली तरी ती रेघ येते, म्हणून पडलेल्या माडाच्या बुंध्याची माती कोयत्याने आधी खरवडून घ्यावी. कानस चेनच्या मापाची हवी : लहान मशीनच्या थ्री-एट्थ (३/८ इंच) लो-प्रोफाइल चेनला ४ मिमी, पॉइंट थ्री-टू-फाइव्ह (०.३२५ इंच) मापाच्या चेनला ४.८ मिमी. दाताच्या आतून बाहेर, साधारण ३० अंशात, एकाच दिशेने ढकलावी आणि परत आणताना उचलावी. सगळ्यांत आखूड दात पाहून बाकीचे त्याच्याएवढे करावेत. डाव्या-उजव्या दातांत फरक राहिला तर काप वाकडा जातो. दातापुढचा ठोकळा धारेपेक्षा सुमारे ०.६५ मिमी खाली असावा. घाईने तो जास्त घासला तर चेन लाकडात गचके खाते. चेनचे ऑइल वेगळे असते. प्रत्येक पेट्रोलभरणीला तेही भरावे, आणि जळके ऑइल वापरू नये. माडाचे लांब तंतू स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणाखाली गच्च बसून ऑइलची वाट अडवतात, म्हणून काम झाले की झाकण उघडून साफ करावे. चेन गरम असताना ताणली असेल तर थांबताना सैल करावी. थंड झाल्यावर ती आक्रसते आणि बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, ओढते.

पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा धोक्याचे असते. खोड दोन्ही टोकांना टेकलेले असेल तर वरची बाजू दाबलेली असते. आधी वरून एक तृतीयांश कापून उरलेले खालून घ्यावे. एकच टोक टेकलेले आणि दुसरे अधांतरी असेल तर उलट, आधी खालून. नाहीतर बार अडकतो किंवा खोड फाटून अंगावर येते. बारच्या टोकाचा वरचा चतकोर लाकडाला लागला की मशीन चेहऱ्याकडे उसळते. म्हणून शिडीवरून किंवा खांद्याच्या वर कापू नये. लुंगी-स्लीपरवर तर नाहीच. बूट, जाळीचे हेल्मेट आणि चेन अडकवून थांबवणारी पँट ही मशीनच्या किमतीतच धरावी.

आपल्या पत्राद्वारे तहसील आणि ग्रामपंचायतींना विनंती की, यंदाच्या यादीत नगांशेजारी आणखी तीन रकाने ठेवावेत : मशीन शेवटचे कधी चालवले, धार लावलेल्या किती चेन शिल्लक आहेत, आणि ते चालवायला शिकलेल्या दोघांची नावे. विक्रेत्यांनीही मशीन देताना मापाची कानस सोबत द्यावी आणि ग्राहकाच्या हातून एक चेन तिथेच घासून घ्यावी.

– एक वाचक, दापोली