डोळ्याच्या पडद्यालाही झटका येतो

मा. संपादक,
स. न.

मेंदूच्या झटक्यात, म्हणजे पक्षाघातात, वेळ दवडू नये, हे आता बहुतेकांना माहीत आहे. तसाच झटका डोळ्याच्या पडद्यालाही येतो, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. पडद्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी गुठळीने बंद पडते आणि एका डोळ्याची नजर काही क्षणांत जाते. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. म्हणून घरचे थेंब घालून 'सकाळी बघू' म्हणतात, आणि तीच रात्र महागात पडते.

नेत्रतज्ज्ञ डॉ. सोहनसिंग हायरे यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत, रक्तपुरवठा सुमारे ९७ मिनिटे तुटला तरी पडदा सावरला. २४० मिनिटांनंतर मात्र मोठी आणि कायमची हानी झाली.

तेव्हा चष्म्याच्या दुकानात किंवा उद्याच्या ओपीडीत नव्हे, तर १०८ बोलावून थेट पक्षाघातावर उपचार होतात अशा रुग्णालयात जावे. शेवटचे नीट कधी दिसत होते, ती वेळ सांगावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही, हा विचार साडेचार तासांच्या आतच होऊ शकतो. त्याचा डोळ्याला किती लाभ होतो, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. तरीही धावपळ करायचीच, कारण पुढच्या काही दिवसांत मेंदूचा झटका येण्याचा धोका फार वाढलेला असतो. मानेच्या धमन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), ईसीजी, हृदयाचा इको आणि मेंदूचा एमआरआय करून गुठळी कुठून आली ते शोधले, तर तो टाळता येतो. घरी डोळा दाबत, चोळत बसू नये.

काही मिनिटे एका डोळ्यापुढे अंधारी येऊन नजर परतली, तर सुटलो असे समजू नका. डोळा आणि मेंदू दोन्ही वाचवण्याची खरी संधी तेव्हाच असते.

पन्नाशीनंतर नजर जाण्यासोबत कानशील ठणकत असेल, केस विंचरताना डोके दुखत असेल किंवा चावताना जबडा भरून येत असेल, तर कारण गुठळी नसून धमनीचा दाह (सूज) असू शकतो. आपल्याकडे तो कमी आढळतो, म्हणूनच नजरेतून सुटतो. ईएसआर, सीआरपी या दाह दाखवणाऱ्या तपासण्यांसाठी रक्त घ्यावे, पण दाह शमवणाऱ्या स्टिरॉइडसाठी अहवालाची वाट पाहू नये. दुसरा डोळाही काही दिवसांत जाऊ शकतो.

पक्षाघाताची लक्षणे सांगणाऱ्या फलकांवर चेहरा, हात, बोलणे एवढेच असते. आरोग्य विभागाने त्यात 'अचानक गेलेली नजर' हे चौथे लक्षण घालावे.

– एक नेत्रतज्ज्ञ, सातारा