ताई, तुम्ही मला तो फॉर्म भरू दिला नाहीत, त्याबद्दल

प्रिय ताई,

आभार मानायला उशीर झाला, कारण आधी बरेच दिवस मला तुमचा रागच आला होता. त्या दिवशी अर्धा भरलेला फॉर्म घेऊन मी तुमच्या टेबलाशी आले, ती खरं तर कौतुक करून घ्यायला. पूर्णवेळ नोकरी सांभाळून संध्याकाळी मानसशास्त्र शिकणार म्हटल्यावर बाकी सगळे 'वा!' म्हणाले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात आणि विचारलंत, "कशासाठी?"

"माणसं समजून घ्यायचीत."

"कोणती?"

खरं उत्तर 'आपले साहेब' हे होतं आणि ते तुम्ही माझ्या तोंडून काढलंतच. हसला नाहीत. "एका माणसासाठी वर्षभराचा डिप्लोमा म्हणजे जरा जास्तच होतंय," एवढंच म्हणालात.

मग ते गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक माझ्या हातात परत देऊन म्हणालात, "यात 'प्रयोग' हा शब्द शोधून दाखव." चेहऱ्यावरून मन ओळखा, आपलं व्यक्तिमत्त्व कोणत्या प्रकारात बसतं ते जाणा, वर्षभरात समुपदेशक बना, हे सगळं होतं. प्रयोग कुठेच नव्हता. संशोधन पद्धती नव्हत्या, संख्याशास्त्राचं नावही नव्हतं. तुम्ही काही मानसशास्त्र शिकलेल्या नाही. पण इतकी वर्षं हिशेब तपासल्यावर पावतीशिवाय रक्कम दिसली की तुमची भुवई आपोआप वर जाते, तशी ती तेव्हा गेली होती.

दुसरं पत्रक माझ्याच पर्समध्ये होतं, चुरगळलेलं. बारा आठवडे, आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास. विषय कोरडे: संशोधन पद्धती, मज्जासंस्था, अवधान, अध्ययन, स्मृती, प्रेरणा, भावना. खाली स्पष्ट छापलेलं, या अभ्यासक्रमातून समुपदेशन करण्याची पात्रता मिळत नाही. त्या एका ओळीमुळे मी ते बाजूला टाकलं होतं. तुम्ही नेमक्या त्याच ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीत. "जे मिळणार नाही ते आधीच सांगतायत. यांच्याकडे जाऊन ये."

तासांचा हिशेब तुम्ही मांडलात तेव्हा मात्र मी खरंच चिडले होते. आठवड्याचे १६८ तास. त्यातून ऑफिस ४५, प्रवास १०, झोप ४९, घरकाम आणि घरची माणसं ३५. शिल्लक २९. मी खूश! डिप्लोमाचे चार संध्याकाळचे आठ तास त्यात आरामात बसत होते. तुम्ही पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता यातले डोकं चालू असलेले किती, ते तूच लिही." मी बराच वेळ त्या २९ कडे बघत बसले आणि शेवटी ६ लिहिले. ते सहासुद्धा थोडे वाढवूनच.

त्यानंतर तुम्ही सांगितलंत ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हीही एकदा संध्याकाळचा एक कोर्स अर्ध्यावर सोडला होता. विषय आवडत होता, शिक्षक चांगले होते. पण वर्ष अखेरीचं काम आणि परीक्षा एकाच आठवड्यात आली, आणि गैरहजेरीचा नियम तुम्ही फी भरल्यावर वाचलात. म्हणून मला बजावलंत, "फी भरायच्या आधी विचार, महिना अखेरीला वर्ग बुडला तर काय. आणि नमुना वर्गाला बसायचं तर दमलेल्या दिवशी जाऊन बस. सुट्टीच्या दिवशी सगळंच आवडतं."

मी मुद्दाम सगळ्यात वाईट मंगळवार निवडला. डोकं ठणकत होतं. शिकवणाऱ्या बाईंनी सुरुवातच एका नामुष्कीने केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातले १०० प्रकाशित अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरला होता. पुन्हा करताना तो जेमतेम ३६ टक्क्यांत उतरला. मी मनात म्हटलं, पहिल्याच दिवशी दुकानदार स्वतःच्या मालाची खोट दाखवतोय! पण दोन तासांत एकदाही घड्याळ पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मग हाच."

त्या बारा आठवड्यांत दोन वर्ग बुडलेच, दोन्ही महिना अखेरीचे. नोट्स मिळतील हे आधीच विचारलेलं असल्याने धावपळ झाली नाही. आणि ते सहा तास कसे वापरायचे हेही वर्गातच मिळालं. हर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि त्या पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. १८८५ मध्ये त्याने आकडे छापले: तासाभराने सुमारे ४४ टक्के श्रम वाचतात, दिवसाने ३४, महिन्याने २१. म्हणजे बरीचशी गळती होते ती पहिल्या काही तासांतच. मी रविवारी एकदम पाच तास वाचायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. वर्गातून घरी येताना वही मिटून, आज काय काय झालं ते आठवून काढायचं. अडेल तिथेच वही उघडायची. नुसतं पुन्हा वाचलं की लगेचच्या परीक्षेत बरं जमतं, पण आठवड्यानंतर आठवून काढणारेच पुढे असतात, असं २००६ च्या एका प्रयोगात दिसलं होतं. मला तर प्रवासाचा वेळ फुकटात मिळाला. तुमच्या हिशेबात तो खर्चात होता, तेवढी दुरुस्ती करा.

राहिले साहेब. ते काही समजले नाहीत. फक्त एका संध्याकाळी फळ्यावर एक नाव लिहिलं गेलं, १९७७ मध्ये ली रॉस यांनी दिलेलं: मूलभूत गुणारोपण दोष. दुसरा चुकला की आपण त्याचा स्वभाव बघतो, परिस्थिती विसरतो. साहेबांनी मेलला उत्तर दिलं नाही की ते उर्मट, मी दिलं नाही की मी कामात. मी वहीत ते उतरवून घेतलं आणि समासात त्यांचं आडनाव लिहिलं. मग थोड्या वेळाने खाली तुमचंही लिहिलं. फॉर्म अडवलात तेव्हा मी घरी जाऊन 'खडूस' म्हटलं होतं तुम्हाला. क्षमा करा.

पुढच्या महिन्यापासून संख्याशास्त्राचा वर्ग आहे, तोही आठवड्यातून एकच संध्याकाळ. गैरहजेरीचा नियम विचारून झाला आहे. नमुना वर्गही दमलेल्या दिवशीच केला, आणि खरं सांगते, त्यात दोनदा घड्याळ पाहिलं. तरी नाव घातलं.

ते रंगीत माहितीपत्रक अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुमचे ते १६८ तास आहेत आणि खाली माझ्या अक्षरात ६.

तुमची,
पलीकडच्या टेबलावरची