जॅनिसरी बिघडले ते हजेरीपटावर

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील उस्मानी (ऑटोमन तुर्की) साम्राज्यावरच्या लेखात गुलाम सैनिकांच्या फौजेनेच राज्य बुडवले, असा निष्कर्ष काढला आहे. सनावळी नीट लावली की तो टिकत नाही. ज्या जॅनिसरींनी, म्हणजे या फौजेतल्या पायदळाने, सुलतानांना गादीवरून ओढले, त्यांतले बरेचसे तोवर गुलाम राहिलेच नव्हते.

या फौजेच्या भरतीची मूळ पद्धत, म्हणजे देवशिर्मे, कशी चालत असे ते आधी पाहावे. दर काही वर्षांनी सुलतानाचे फर्मान घेऊन एक अंमलदार बाल्कनमधल्या ख्रिस्ती गावांत जाई. साधारण ४० घरांमागे १ मुलगा घेतला जाई. गावचा पाद्री बाप्तिस्म्याची वही आणी, बाप मुलांना घेऊन उभे राहत, काझी हजर असे. एकुलता एक मुलगा, लग्न झालेला, कसबी कारागीर, इस्तंबूल पाहिलेला, तुर्की बोलणारा, हे सगळे वगळायचे. निवडलेल्या मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि चेहऱ्यामोहऱ्याच्या खुणा दोन वह्यांत उतरवत. एक वही मुलांना राजधानीकडे नेणाऱ्याजवळ, दुसरी अंमलदाराजवळ, आणि इस्तंबूलला दोन्ही ताडून बघत, म्हणजे वाटेत मुलगा बदलला जाऊ नये. नंतर काही वर्षे अनातोलियातल्या (आशियाई तुर्कस्तानातल्या) शेतकऱ्यांकडे कष्टाची कामे आणि तुर्की भाषा, मग नवशिक्यांच्या पलटणी, आणि जागा रिकामी झाली की जॅनिसरी. नोकरीत असेपर्यंत लग्नाला बंदी, राहणे बराकीत, धंदा करायचा नाही. आईबापांपासून मूल तोडणारी ही क्रूर पद्धत होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिने दिलेली फौज लहान होती आणि तिचा हिशेब चोख होता. १५२७ साली जॅनिसरी सुमारे ८ हजार होते, १५७४ साली साडेतेरा हजारांच्या आसपास.

१६०९ साली हाच आकडा साडेसदतीस हजारांवर गेला, आणि खरी मेख इथे आहे. १५९३ ते १६०६ ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याशी लांबलेल्या युद्धात समोर बंदूकधारी पायदळ होते. जहागिरीवर पोसलेले तुर्की घोडेस्वार त्याच्यापुढे अपुरे पडत होते, म्हणून बंदुका चालवणारे पायदळ तातडीने वाढवावे लागले. देवशिर्मेतून माणूस तयार व्हायला वर्षे लागत, तेवढी उसंत नव्हती. मग जॅनिसरींची मुले, ओळखीपाळखीचे, पैसे मोजणारे, जो येईल तो भरला गेला. सतराव्या शतकात देवशिर्मे हळूहळू बंदच पडली.

माणसे तिपटीने वाढली, पण खजिना काही वाढला नव्हता. त्याआधीच, १५८५-८६ मध्ये, अक्चे या चांदीच्या नाण्यातली चांदी जवळपास निम्म्यावर आणली गेली होती. ६० अक्च्यांना मिळणारे व्हेनिसचे सोन्याचे नाणे १२० अक्च्यांना मिळू लागले. जॅनिसरींचा पगार रोजावर ठरे आणि दर तिमाहीला मिळे. रोजाचा आकडा तोच राहिला, त्यात येणारा माल निम्मा झाला. १५८९ साली असा हिणकस पगार नाकारून दरबारी सैनिक राजवाड्यावर चालून गेले आणि रुमेलियाच्या (बाल्कन प्रांताच्या) सुभेदाराचे व मुख्य खजिनदाराचे शीर घेऊनच परतले.

पगारात भागेना, तेव्हा सैनिक खाटीक झाले, नावाडी झाले, कॉफीखाने चालवू लागले. उलट बाजूने दुकानदारांनी जॅनिसरींत नाव घातले, कारण त्याने करमाफी मिळे आणि कोतवालाचा हात पोचत नसे. पगाराच्या चिठ्ठीला ‘एसामे’ म्हणत. मेलेल्या सैनिकाचे नाव पटावरून कमी न करता अधिकारी त्याचा पगार उचलत, आणि अठराव्या शतकात तर एसामेची उघड खरेदी-विक्री चाले. लढाईला निघताना कागदावरची माणसे आणि छावणीतली माणसे यांचा मेळ बसेना, तो यामुळे. हजेरीपट सुधारायला निघालेला प्रत्येक सुलतान हजारो घरांच्या मिळकतीवर हात घालत होता, हे ध्यानात घेतले की बंडे समजतात. १६२२ साली दुसऱ्या उस्मानचा खून झाला, त्यामागे तो नवी फौज उभारणार असा संशय होता. १७३० च्या बंडाचा म्होरक्या पात्रोना हलील हा जॅनिसरी बाजारात जुने कपडे विकत असे. १८०७ मध्ये तिसऱ्या सेलीमची गादी गेली तीही नव्या कवायती पलटणींपायी.

लेखात मलिक अंबरलाही याच दावणीला बांधले आहे, ते तर मुळीच पटण्यासारखे नाही. अंबर हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आला हे खरे. पण मोगलांशी तो लढला ते मराठा घोडेस्वारांना सोबत घेऊन, आणि ते स्वतंत्र शिलेदार-सरदार होते. निजामशाहीत देवशिर्मेसारखी व्यवस्था कधीच नव्हती.

शेवटी एक सरळ चूक दुरुस्त करावी ही विनंती. १८२९ चा रशियाकडून झालेला पराभव लेखात जॅनिसरींच्या माथी मारला आहे. सुलतान दुसऱ्या महमूदने १८२६ च्या मे महिन्यात इस्तंबूलमधल्या ५१ पलटणींतून प्रत्येकी १५० माणसे नव्या कवायतीसाठी मागितली. जूनमध्ये कवायत सुरू होताच जॅनिसरींनी स्वयंपाकाच्या कढया मैदानात आणून ठेवल्या, ही त्यांची बंडाची खूण. १५ जूनला बराकींवर तोफा डागल्या गेल्या, हजारो मारले गेले आणि फौज कायमची बरखास्त झाली. पुढच्याच वर्षी ग्रीसमधल्या नवारिनोला उस्मानी आरमार बुडाले, आणि १८२९ च्या ऑगस्टमध्ये रशियन सैन्य एदिर्नेत शिरले तेव्हा त्याच्यासमोर होती ती जेमतेम तीन वर्षांची नवी भरती. या पराभवाच्या वेळी जॅनिसरी फौज अस्तित्वातच नव्हती, एवढे तरी पुढच्या अंकात छापावे.

– इतिहासाचे काही अभ्यासक, पुणे